कॅथलिक होणं म्हणजे डोकं गहाण ठेवणं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ नोव्हेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी जॉन हेन्री न्यूमन यांना चर्चचे आचार्य (इंग्रजीत Doctor of the Church, म्हणजे सगळ्या चर्चला शिकवणारे थोर गुरू) म्हणून जाहीर केलं. दोन हजार वर्षांत हा मान फक्त अडतीस जणांना मिळालाय आणि न्यूमन अडतिसावे. ज्यांना हे नाव माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, गांधीजींना आवडणारं आणि आश्रमाच्या प्रार्थनेत म्हटलं जाणारं जे प्रकाशाला वाट दाखव म्हणणारं इंग्रजी भजन आहे ना, ते यांचंच. मराठीत या बातमीवर मला कुठे फार काही वाचायला मिळालं नाही, आणि त्याच सुमारास धर्मांतरावरच्या चर्चा मात्र टीव्हीवर, व्हॉट्सअॅपवर, सगळीकडे चालूच होत्या, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. जरा लांबणार आहे, कापावं लागलं तर कापा पण पंडिता रमाबाईंचा भाग प्लीज ठेवा.

आपल्याकडे कोणी धर्म बदलला की लोकांकडे कारणं तयार असतात. पैसा दिला असेल, लग्नासाठी असेल, जबरदस्ती झाली असेल. किंवा मग जातीच्या जाचाला कंटाळून, जे खरंच मोठं कारण आहे आणि १९५६ नंतर महाराष्ट्रात ते कोणाला समजावून सांगायची गरज नाही. पण अजून एक कारण असतं आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. एखाद्या माणसाला प्रश्न पडतो की देवाने काही सांगितलंय असं मी मानतो, तर मग त्याचा अर्थ काय हे सांगायचा अधिकार कोणाला? शेवटचा शब्द कोणाचा? आणि हा प्रश्न त्याला वर्षानुवर्षं झोपू देत नाही. मी त्यातलीच एक आहे.

मी नगरकडची, प्रॉटेस्टंट घरातली. आमच्याकडे मिशनपासूनची ख्रिस्ती मंडळी, घरात पवित्र शास्त्र रोज वाचलं जायचं, उपासना चुकायची नाही. मला त्या घराचा अभिमान आहे आणि आज मी जी काही आहे ती तिथे ऐकलेल्या शास्त्रामुळेच आहे हे आधी सांगते. पुढे पुण्यात आल्यावर, चांगली मोठी झाल्यावर, मी कॅथलिक झाले. मला परत बाप्तिस्मा दिला नाही कारण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करतं, मी श्रद्धा कबूल केली, दृढीकरण झालं आणि कम्युनियन घेतलं. बाहेरच्या माणसाला वाटेल ख्रिस्तीच होती ख्रिस्तीच राहिली, यात काय एवढं. पण आमच्या लोकांत ही फार मोठी गोष्ट असते. एवढी शिकलेली बाई पोपच्या मागे का गेली, हे मला अजून विचारतात, आणि विचारताना आवाजात कीव असते की हिने विचार करणं सोडलं.

तर सांगते. लहान बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की नाही? एक पाळक म्हणतात द्यायचा, शास्त्रात अख्ख्या कुटुंबाचा बाप्तिस्मा झाल्याचं लिहिलंय. दुसरे म्हणतात नाही, आधी विश्वास मग बाप्तिस्मा आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून, तेही शास्त्रातूनच दाखवतात. दोघेही प्रामाणिक, दोघेही प्रार्थना करणारे, दोघांच्या हातात तेच पुस्तक. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा त्यात दोन्ही पद्धती चालतील असं ठरलं. प्रेमाने एकत्र राहायचं म्हणून ते केलं, त्यामागचं मन मोठं होतं, आणि मी त्या लोकांना मानते. पण माझा प्रश्न त्याने सुटला नाही उलट वाढला, कारण माझ्या बाप्तिस्म्याने माझ्यात काही घडलं की नुसता विधी झाला हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही ना. आणि बाप्तिस्म्यासारख्या पहिल्याच पायरीवर असं असेल तर पुढच्या गोष्टींचं काय?

यावर सगळे एकच उत्तर देतात की तू स्वतः वाच आणि ठरव. मी वाचलं. पण मी ठरवणार म्हणजे शेवटी अधिकार माझाच झाला, शास्त्राचा नाही. आपण संविधान मानतो, ते लेखी आहे, स्पष्ट आहे, तरी त्याचा अर्थ लावायला सुप्रीम कोर्ट लागतं. कोर्ट संविधानाच्या वर नसतं, ते संविधानाच्या सेवेतच असतं, पण ते नसतं तर प्रत्येक वकिलाचं एक संविधान झालं असतं. मला हे देवाच्या शब्दाबद्दल वाटत होतं आणि नंतर कळलं की न्यूमन यांनी हाच मुद्दा १८४५ च्या त्यांच्या पुस्तकात मांडलाय, की देवाने जर काही प्रकट केलं असेल तर ते जपणारा आणि वाद झाला तर निकाल देणारा कोणीतरी त्यानेच नेमलेला असला पाहिजे, नाहीतर प्रकट केलं असं म्हणण्याला अर्थ राहत नाही.

न्यूमन यांची गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. जन्म १८०१, लंडन. ऑक्सफर्डला ओरिएल कॉलेजचे फेलो, १८२८ पासून युनिव्हर्सिटीच्या सेंट मेरी चर्चचे व्हिकर, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चमधली एकदम मानाची जागा, आणि पोपबद्दल त्यांची मतं तेव्हा चांगलीच कडक होती, तरुणपणी तर ते पोपला ख्रिस्तविरोधी मानायचे. १८३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने आयर्लंडमधली दहा बिशपपदं बंद करायचा कायदा आणला. जॉन केबल यांनी १४ जुलैला ऑक्सफर्डमध्ये त्यावर प्रवचन दिलं, की चर्चला बिशप किती असावेत हे पार्लमेंट कसं काय ठरवणार, बिशप हे प्रेषितांचे, म्हणजे ख्रिस्ताने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांचे, वारस आहेत, सरकारचे नोकर नाहीत. तिथून ऑक्सफर्ड मूव्हमेंट सुरू झाली. न्यूमन आणि मित्रांनी पत्रिका काढायला सुरुवात केली, एकूण नव्वद निघाल्या, आणि त्यात मुख्य सांगणं हेच की बिशपांचं ऐका, अधिकार त्यांचा आहे. म्हणजे बघा, सुरुवातच या प्रश्नाने झाली.

मग १८३९ च्या उन्हाळ्यात ते पाचव्या शतकातले वाद वाचत बसले होते, ख्रिस्त हा देव आणि मनुष्य दोन्ही कसा यावरचे, ४५१ सालची कॅल्सीडोनची परिषद वगैरे. तोवर त्यांचा दावा असा की आमचं अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडचं सरकारी) चर्च म्हणजे मधला रस्ता, एकीकडे रोम एकीकडे प्रॉटेस्टंट. आणि वाचता वाचता त्यांना दिसलं की त्या काळातही मधला रस्ता धरणारे लोक होते आणि ते चुकीच्या बाजूला निघाले, रोमचे पोप लिओ मात्र तेव्हाही होते तिथेच उभे होते. त्यांनी स्वतः लिहिलंय की त्या आरशात मला माझाच चेहरा दिसला. पाठोपाठ संत ऑगस्टीनचं एक वाक्य वाचनात आलं, की जगभरचं चर्च मिळून जो निर्णय देतं तो खात्रीचा, आणि ते वाक्य त्यांच्या कानात घुमत राहिलं.

आता माझ्यासारखीला वाटेल की लगेच गेले असतील रोमकडे. नाही. सहा वर्षं लागली त्यांना. १८४१ मध्ये त्यांनी नव्वदावी पत्रिका लिहिली, अँग्लिकन चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ३९ कलमांचा कॅथलिक अर्थ लावता येतो असं दाखवायला, तर युनिव्हर्सिटीने निषेध केला आणि एकामागून एक बिशप त्यांच्या विरोधात बोलायला लागले. ज्यांचं ऐका म्हणून ते आठ वर्षं सांगत होते तेच बिशप. हे वाचताना मला नेहमी भरून येतं. १८४३ मध्ये सेंट मेरीची जागा सोडली, लिटलमोर नावाच्या गावात साध्या खोल्यांत राहिले, उपास, प्रार्थना आणि अभ्यास. आणि ९ ऑक्टोबर १८४५ ला, आदल्या रात्री पावसात भिजत आलेल्या डॉमिनिक बार्बेरी नावाच्या इटालियन फादरांच्या हातून ते कॅथलिक झाले. ज्या पुस्तकाचा मी वर उल्लेख केला ते लिहिता लिहिताच निर्णय झाला त्यामुळे ते अपुरं राहिलं आणि अपुरंच छापलं. मित्र गेले, एक बहीण तुटली, ऑक्सफर्ड सुटलं ते १८७८ पर्यंत, तेव्हा ट्रिनिटी कॉलेजने मान देऊन बोलावलं म्हणून परत पाऊल टाकलं. याला कोणी आळस म्हणणार का? विचार करायचा कंटाळा आला म्हणून माणूस एवढं सोडतो का?

आणि कॅथलिक झाल्यावर त्यांनी तोंड बंद ठेवलं असंही नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १८५९ मध्ये त्यांनी लिहिलं की श्रद्धेच्या बाबतीत सामान्य लोकांनाही विचारलं पाहिजे, कारण चौथ्या शतकात ख्रिस्त देव नाही म्हणणारी आरियन शिकवण पसरली तेव्हा कितीतरी बिशप डळमळले आणि खरी श्रद्धा टिकवली ती साध्या विश्वासू लोकांनी. यावर एका बिशपने रोमला तक्रार केली आणि कित्येक वर्षं त्यांच्याकडे संशयाने बघितलं गेलं. १८ जुलै १८७० ला व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अचूकतेचा सिद्धांत जाहीर केला, न्यूमन स्वतः तो मानत होते पण आत्ता जाहीर करायची घाई नको असं त्यांचं ठाम मत होतं. पुढे ग्लॅडस्टन, जे इंग्लंडचे पंतप्रधान राहिलेले, त्यांनी आरोप केला की आता कॅथलिक माणूस देशाशी प्रामाणिक राहूच शकत नाही, त्याची बुद्धी पोपकडे गेली. (आपल्याकडे आजही हाच आरोप होतो, फक्त शब्द वेगळे.) न्यूमन यांनी १८७५ मध्ये त्याला उत्तर दिलं, त्यात ते म्हणतात की जेवणानंतर धर्माच्या नावाने प्याला उचलायचीच वेळ आली तर मी पोपसाठी उचलेन, पण आधी सदसद्विवेकासाठी आणि मग पोपसाठी. अशा माणसाला लिओ तेरावे यांनी १८७९ मध्ये कार्डिनल केलं, आणि आता लिओ चौदावे यांनी आचार्य.

पोपची अचूकता म्हणजे पोप जे बोलतील ते ब्रह्मवाक्य, असा समज खूप चांगल्या शिकलेल्या लोकांत पण आहे. तसं नाहीये. पोपने सगळ्या चर्चचा गुरू म्हणून, श्रद्धा किंवा नीती यांच्याबद्दल, सगळ्यांनी मानायचं म्हणून औपचारिक घोषणा केली तरच ते लागू होतं. १८७० नंतर या पद्धतीने घोषणा झाली ती एकदाच, १ नोव्हेंबर १९५० ला, मारियामाता देहासह स्वर्गात गेल्याची. पोपचं राजकारण, त्यांच्या नेमणुका, विमानातल्या मुलाखती यात ते चुकू शकतात आणि चुकतात.

इथे मला कोणीतरी विचारेलच आणि विचारायलाच पाहिजे, की मुलांवर अत्याचार करणाऱ्या फादरांना ज्या बिशपांनी लपवलं, बॉस्टनमध्ये २००२ ला बाहेर आलं, आयर्लंडमध्ये आलं, त्यांचा कसला अधिकार? मला याचा राग आहे आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही. शिकवायचा अधिकार हा गुन्हा झाकायचा परवाना नव्हे, पोलिसांत जायला पाहिजे तिथे गेलंच पाहिजे, आणि त्या मुलांच्या आईबापांनी जो आवाज केला त्यानेच चर्चला हलवलं. न्यूमन १८५९ मध्ये जे म्हणाले होते ते हेच, की बिशप झोपतात तेव्हा लोक जागे असतात. मी कॅथलिक आहे ते बिशप चांगले असतात म्हणून नाही. वाईट बिशप असतानाही जी श्रद्धा इथवर पोचली ती खरी आहे असं मला वाटतं म्हणून आहे.

अधिकार मानण्याची किंमत आपल्या देशातल्या माणसांनीही दिलीय. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय, १८९१ मध्ये आधी अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी कॅथलिक झाले. स्वतःला हिंदू-कॅथलिक म्हणवायचे, भगवी वस्त्रं घालायचे, नर्मदेकाठी जबलपूरला मठ काढायला निघाले. चर्चमधल्या वरिष्ठांनी मठाला परवानगी नाकारली, त्यांच्या नियतकालिकावर बंदी घातली. मला विचाराल तर ती मोठी चूक होती, आणि त्यांना जे करायचं होतं ते पुढे फादर लोक उघडपणे आश्रम काढून करायला लागले. म्हणजे अधिकार आला की सगळं छान झालं असं मी म्हणत नाहीये.

आता रमाबाई. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर हे पत्र. रमाबाईंना ख्रिस्ताकडे आणणाऱ्यांत एक मोठं नाव म्हणजे नेहेम्या नीळकंठ गोरे, काशीचे चित्पावन पंडित, १८४८ ला बाप्तिस्मा घेतलेले, सहाही दर्शनांवर पुस्तक लिहिलेले. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टर्सकडे गेल्या. हा सिस्टर्सचा संघ १८४८ मध्ये निघाला तो ऑक्सफर्ड मूव्हमेंटमधूनच, म्हणजे न्यूमन रोमला गेले पण त्यांची जी माणसं अँग्लिकन चर्चमध्येच राहिली त्यांच्यातून, आणि पुण्यात पंचहौदला काम करणाऱ्या सिस्टर्स त्याच. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाई आणि त्यांची लेक छोटी मनोरमा यांचा वाँटेजला बाप्तिस्मा झाला. आणि मग पत्रं सुरू झाली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन सांगतायत चर्च जे शिकवतं ते नम्रपणे घे, आणि रमाबाई विचारतायत का म्हणून? त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव याबद्दल) विचारतायत, श्रद्धासूत्रांबद्दल विचारतायत, मी पुरुषांना शिकवायचं की नाही हे बिशप कोण ठरवणार म्हणून विचारतायत. त्यांनी स्पष्ट लिहिलं की भटाभिक्षुकांच्या जोखडातून मी आत्ताच मान सोडवलीय, परत तसंच दुसरं जोखड घेणार नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची विधवा बाई, परक्या देशात, ज्यांनी आसरा दिला त्यांनाच हे लिहिते. पुढे त्या कोणाच्याच चर्चच्या हुकुमात बसल्या नाहीत, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि अर्थ सांगणारा मध्ये कोणी नको म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल स्वतः मराठीत आणलं, शेवटच्या दिवसांपर्यंत तेच काम.

मी रमाबाईंच्या उलट टोकाला पोचले. पण प्रश्न तोच होता, न्यूमनचा, त्यांचा आणि माझा. आणि मला प्रामाणिकपणे वाटतं की त्यांचं नाही म्हणणं ज्यांना समजत नाही त्यांना माझं हो म्हणणंही समजणार नाही. त्या ज्या अधिकाराला नाही म्हणाल्या तो बाईला गप्प बस म्हणत होता. मी जर १८८५ ला त्यांच्या जागी असते तर मी काय केलं असतं हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. फक्त एक म्हणेन, त्यांना स्वतःलाच इंग्लंडमध्ये ख्रिस्ती लोकांचे इतके पंथ बघून गोंधळायला झालं होतं, सगळे एकच पुस्तक दाखवतायत आणि वेगवेगळं सांगतायत, हे त्यांनी लिहून ठेवलंय. तो गोंधळ त्यांच्या बायबलनेही मिटला नाही, नगर-पुण्याच्या कुठल्याही गल्लीत रविवारी सकाळी फिरून बघा.

आणि हा काही फक्त ख्रिस्ती लोकांचा प्रश्न नाही. १८९० मध्ये, ज्या वर्षी न्यूमन गेले त्याच वर्षी, पंचहौदला मिशनऱ्यांकडे चहाबिस्किटं घेतली म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसकट पुण्यातल्या बड्या मंडळींवर ग्रामण्य (जातीबाहेर टाकायचं प्रकरण) आलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्ताचा वाद झाला आणि रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं त्यावरून सुधारक त्यांच्यावर तुटून पडले. तिथेही हाच प्रश्न होता ना, की मी धर्मात आहे की बाहेर हे कोण ठरवणार, मी, माझी जात, की पीठावरचे आचार्य? तेव्हा पुण्याचे पेपर याच्यावर महिनोन्महिने लिहीत होते. आज आपण धर्मांतरावर एवढं बोलतो आणि त्यात हा प्रश्न येतच नाही. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण आपण मराठीचं भूषण म्हणून मिरवतो, १६१६ चं, पण एलिझाबेथ राणीने स्वतःला चर्चच्या वर बसवलं त्या इंग्लंडमधून कॅथलिक म्हणून बाहेर पडलेला हा माणूस होता आणि म्हणूनच तो गोव्याला पोचला, हे शाळेत कोणी सांगत नाही.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती आहे. रमाबाईंचा हा सगळा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवला होता, तो आपल्याच महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनात इंग्रजीत छापला. एप्रिलमध्ये रमाबाईंची पुण्यतिथी ५ तारखेला आणि जयंती २३ तारखेला येते. त्या महिन्यात रविवारच्या पुरवणीत यातली निवडक पत्रं मराठीत द्या, पण दोन्ही बाजूंची द्या, रमाबाईंचीही आणि जेराल्डीन यांचीही, कारण रमाबाईंचं उत्तर तेवढं छापलं की सिस्टर खलनायिका वाटतात आणि त्या तशा नव्हत्या, त्यांनी मनोरमेवर आणि रमाबाईंवर जीव लावला होता. भाषांतराला मदत लागली तर मी करेन, मानधन नको.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
वडगाव शेरी, पुणे